सार्जंट आदेल्मोचा होकार

सार्जंट आदेल्मोने बोट पुढे केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. मांडीत गोळी घेऊन नऊ किलोमीटर सायकल मारत ठाण्यावर आलेला. (ही गोष्ट तो पहिल्या वर्षी सांगायचा तेव्हा अंतर दोनच किलोमीटर होतं, पण ते असो.) मात्र झेनाइदेबाईंच्या हातातली सुई पाहून त्याच्या पाठीला घाम फुटला. रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर पडला.

"वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर पुढचं पुढे बघू, त्यावरही औषधं आहेत. बसा."

बसायचं ते औषधांच्या खोक्यांवर. सांता रुफिनातल्या या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात मागचा कोपरा प्लायवूड ठोकून वेगळा काढला होता. एचआयव्हीची तपासणी करायची आणि तो होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्याही आपणच द्यायच्या, अशी परवानगी फार्मासिस्टांना मिळाली आणि बाईंनी काउंटरवर पाटी लावली. त्याला तीन आठवडे झाले. लोक पाटी वाचत आणि खोकल्याचं औषध घेऊन जात. ज्यांना खरी गरज होती ते बस पकडून साठ किलोमीटरवर, जिथे त्यांना कुत्रंही ओळखत नाही, अशा ठिकाणी जाऊन रांग लावत. सार्जंट हे पहिलंच गिऱ्हाईक.

तोही स्वतःच्या मर्जीने आला नव्हता. बेकरीवाल्या योलांदाला त्याने मागणी घातली होती. ती विधवा, तो विधुर. तिने कणकेचे हात पुसत सांगितलं होतं, "मी माझी तपासणी करून घेतलीय. तुम्ही तुमची करा, मग पाद्रीबाबांकडे जाऊ." सार्जंट म्हणाला, "पॉझिटिव्ह." उभा जन्म वायरलेसवर गेलेला, होकाराला पॉझिटिव्ह, नकाराला निगेटिव्ह. पहिली बायको विचारायची, घेवड्यात मीठ बरोबर पडलंय का, तर हा पॉझिटिव्ह. ती गेल्यावर त्याची दोन वर्षं सरहद्दीवर बदली झाली. तिथल्या काही शनिवारांबद्दल तो कुणाशी बोलत नसे. आज त्या खोक्यावर बसून त्याला ते सगळे शनिवार तारखेनिशी आठवले.

अकराव्या मिनिटाला त्याने पट्टीकडे पाहिलं. एक रेघ होती. चौदाव्या मिनिटाला त्याला दोन दिसल्या. चष्मा पुसल्यावर पुन्हा एक झाली. विसाव्या मिनिटाला बाई आत आल्या, पट्टी उजेडात धरली, त्याच्या हातात दिली आणि तर्जनी वर करून दाखवली. एकच.

त्याच क्षणी फोन वाजला. योलांदा.

"झाली का तपासणी?"

"पॉझिटिव्ह," सार्जंट आनंदाने गरजला.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "खरंच?"

"पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह. आत्ताच हातात आलं."

फोन बंद झाला. रेंज गेली असेल, असं म्हणून सार्जंट हसत बाहेर आला. बाहेर काउंटरसमोरची रांग भिंतीला चिकटली होती. प्लायवूड पातळ होतं. सार्जंटच्या बोलण्याची खोड गावाला पाठ होती, पण अशा वेळी कोण खोड आठवत बसतं? सगळ्यात पुढे होती म्हातारी फिलोमेना, गुडघ्याच्या मलमासाठी आलेली. तिने डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला.

"सार्जंट, लग्न मोडलं का रे?"

"निगेटिव्ह."

"म्हणजे तिला सांगितलंस तू? सगळं?"

"पॉझिटिव्ह."

"आणि तरी ती तयार आहे?"

"पॉझिटिव्ह, आजी. तिचीच तर अट होती."

म्हातारी मटकन खुर्चीत बसली. तेवढ्यात बाहेरून आलेल्या एकाने सांगितलं, की योलांदाने भर सकाळी बेकरीचं शटर ओढलं. हे ऐकून झेनाइदेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सार्जंटला बाही धरून आत ओढलं आणि तो फोनवर कोणता शब्द कितीदा बोलला ते त्याला मोजून सांगितलं.

सार्जंट पांढराफटक पडला. त्याने फोन लावला, तिचा बंद. मग त्याला त्याच्या गाडीची आठवण झाली. निवृत्तीनंतर तो भोंग्याची गाडी चालवायचा. टोमॅटोचा भाव, मयतीची वेळ, जे असेल ते गावभर पुकारायचा. तो म्हणाला, आत्ता जातो, चौकात उभा राहतो आणि माझी एकच रेघ आहे हे सगळ्या गावाला ऐकवतो.

बाईंनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"पुकारा. निकाल तुमचा आहे, मी कोण अडवणार? पण मग उद्या जो येईल आणि पुकारणार नाही, त्याच्याबद्दल गाव काय समजेल? कोण चढेल माझी पायरी?"

सार्जंट परत खोक्यावर बसला. लग्न गेलं, आणि ते परत आणायचा एकच रस्ता होता तोही या बाईने बंद केला, आणि वाईट म्हणजे तिचं बरोबर होतं.

एवढ्यात बाहेरची कुजबुज थांबली. सँडलचे पाय काउंटरपाशी आले.

"झेनाइदेबाई," योलांदाचा आवाज. जरा घोगरा, पण ठाम. "नवऱ्याला हा आजार असला तर बायकोला होऊ नये म्हणून गोळ्या असतात ना, त्या मला द्या. आम्ही लग्न करतोय. आणि त्यांनी खायचं-प्यायचं काय, तेही लिहून द्या. चीजपाव चालतो का?"

प्लायवूडच्या अलीकडे सार्जंट पट्टी मुठीत धरून ऐकत होता. बाई बाहेर गेल्या आणि तिला आत घेऊन आल्या. खोक्यावर तो बसलेला. त्याने पट्टी पुढे केली. तोंडातून शब्द काढायची आता त्याची हिंमत नव्हती.

योलांदाने पट्टी पाहिली. बाईंकडे पाहिलं. पुन्हा पट्टी.

"मग फोनवर ते काय होतं?"

"तू विचारलंस, झाली का. मी हो म्हटलं."

तिने हातातला डबा त्याच्या खांद्यावर हाणला. चीजपाव खाली सांडले. "माझी अख्खी भट्टी करपली तुमच्या त्या 'हो'पायी," ती म्हणाली आणि रडायला लागली. सार्जंट म्हणाला, आता सगळं मिटलं, गोळ्यांची गरजच नाही, चल पाद्रीबाबांकडे. पण ती जागची हलेना. तिने हळूच बोट बाईंपुढे धरलं.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "मी तपासणी केलीच नाही. आमचे हे होते तेव्हा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचे. दोनदा बसस्टॉपपर्यंत जाऊन परत आले मी."

बाईंनी सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, घड्याळ पाहिलं. सार्जंट सरकला, खोक्यावर दोघांपुरती जागा झाली. तीन मिनिटं गेली. बाहेर रांगेत कुणी खोकत नव्हतं, आणि खोकल्याच्या औषधासाठी चौघं उभे होते.

मग सार्जंट उठला आणि बाईंजवळ जाऊन, त्याच्या मानाने बराच हळू, म्हणाला, "त्या गोळ्या मला द्या. तिने मागितल्या त्याच."

"सार्जंट, निकाल यायला अजून सतरा मिनिटं आहेत."

"तिने कुठे पट्टी बघून मागितल्या होत्या?"