अस्वलाचं दार आणि वाघाची पाटी

एका जंगलात पाण्याचा टँकर होता. मुलांनो, हसू नका. तुमच्या गावात नसेल, त्या जंगलात होता.

दर उन्हाळ्यात तिथे वणवा लागे. तो विझवायला टँकर. टँकरला गॅरेज होतं, गॅरेजला दार नव्हतं. माकडं आत शिरत आणि नळ सोडून पळत. वणव्याच्या दिवशी टँकर कोरडा.

म्हणून जंगलाचे अध्यक्ष वाघ यांनी गेनबा अस्वलाला बोलावलं. गेनबा सुतार. शाळेत गेलेला नव्हता, त्यामुळे घेतलेलं काम पुरं करायचा. त्याचं घर उतारावर, वाळल्या गवतात. वणवा आला की आधी त्याच्याच घराला भिडणार. दार त्याने जीव ओतून केलं.

सागाच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या. मागून तिरप्या पट्ट्या दिल्या. सांधे खाचेत बसवले. वर लोखंडी रूळ, त्यावर चाकं, चाकांना दार टांगलेलं. पावसात भिजू नये म्हणून ते भिंतीच्या आतल्या बाजूने सरकत होतं. भिंत आणि दार यांत एका बोटाची फट. दार भारी जड, पण सशाने ढकललं तरी सरके.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तरस आला. तो जंगलाचा सचिव. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. त्याच्यामागे चार रानरेडे संगमरवरी पाटी ओढत होते. पाटीवर वाघाचं नाव. जाडी चार बोटं.

"मिस्त्री, ही दारावर बसवा. मधोमध."

"भाऊसाहेब, पाटी भिंतीला अडेल. दार उघडणार नाही."

"मग?"

"भिंतीवर लावतो ना. सगळ्यांना दिसेल."

"भिंत रानडुकराने बांधली. मागच्या अध्यक्षाने. त्याच्या भिंतीवर साहेबांचं नाव लावणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

गेनबा वाघाकडे गेला.

"साहेब, दार उघडायला नको का?"

"उघडलं की माझं नाव भिंतीमागे जाणार," वाघ म्हणाला. "मग उघडायचं कशाला?"

गेनबा अडाणी. त्याला हे पटलं नाही. पण पाटी बसली.

दुसऱ्या दिवशी फीत कापली. भाषणं झाली. मोराने दाराचं कौतुक केलं, माकडांनीही केलं. दाराला हात कुणी लावला नाही.

पंधरा दिवसांनी वणवा आला. भर दुपारी. उतारावरून गेनबाची बायको धुरपा ओरडली, "अहो, पाणी आणा! घराचा कूड पेटला!"

गेनबा धावला. दार ढकललं. दीड हात सरकलं आणि पाटी भिंतीवर आदळली. दीड हातातून टँकर निघत नाही.

त्याने पाटीवर हातोडा उगारला. तरस आडवा आला.

"पाटीला हात लावायचा नाही! पाटी फोडायला ठराव लागतो."

"मग करा ठराव!"

"सभा बोलवावी लागेल. सभासद वणव्यामुळे पळालेत."

"माझं घर जळतंय, भाऊसाहेब! दार फोडू?"

"दार फोड की. दारावर कुठे नाव आहे?"

गेनबाने कुऱ्हाड घेतली. स्वतःच्या हाताने केलेल्या दारावर घातली. कुऱ्हाड उडाली. पुन्हा घातली. टवका निघाला, नखाएवढा. तिसऱ्या घावाला कुऱ्हाडीचा दांडा मोडला. दांडा दुसऱ्याने केलेला होता.

तेवढ्यात धुरपा आली. अंग राखेने माखलेलं. डोक्यावर एक हंडा.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "फोडून काय करता? घर गेलं."

संध्याकाळी वाघ पाहणीला आला. पाटीवरून पंजा फिरवला. साधी काळीसुद्धा पडली नव्हती. मग त्याने गेनबाकडे पाहिलं आणि गळा दाटून आणला.

"भाऊसाहेब, याला घर मंजूर करा."

"केलं साहेब. पाटी कोरायलासुद्धा दिली."

"घर कधी मिळेल?" धुरपाने विचारलं.

"बाई," तरस म्हणाला, "आधी पाटी कुठे लावायची ते तर ठरू दे."

आता तात्पर्य. पाठ करा, मोठेपणी उपयोगी पडेल. काम नेहमी थोडं कच्चं करावं, वेळेला फोडता येतं. पाटी मात्र पक्की हवी.