झेब्र्यांच्या बाळंतपणाची बातमी

चौतीस वर्षांच्या पत्रकारितेत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नाही. डहाणूतल्या भल्याभल्यांनी नोटिसा पाठवून पाहिल्या. हा विक्रम मोडला तो करंगळीच्या दोन पेरांएवढ्या सात झेब्रा माशांनी.

हॉलमधल्या टाकीत माशांची पिल्लं काढायची, एवढंच मी ठरवलं होतं. तलासरीचा दुकानदार संदीप म्हणाला, "झेब्रा सगळ्यात सोपे, काका. कुणालाही जमतं." (मी तर पदवीधर.)

"फक्त तळाला गोट्या पसरा, अंडी फटीत पडतील. आणि अंडी पडली की मोठ्यांना लगेच बाहेर काढा, नाहीतर खातात."

"स्वतःची अंडी?"

"हो ना."

"याला दुजोरा कोण देईल?"

"मासेच देतील की, काका!"

एका सूत्रावर मी आयुष्यात बातमी दिलेली नाही. शिवाय आईबापांवर एवढा गंभीर आरोप, तोही त्यांची बाजू न ऐकता! गोट्या नाकारून मी नुसती पाणवनस्पती घेतली.

तिसऱ्या दिवशी पहाटे माशांची झाडांतून पळापळ सुरू झाली. मी भिंग घेऊन वाकलो. एका पानाखाली पारदर्शक चिकट ठिपका, आत बारीक दाणे. अंडी! वही उघडून दोन तास त्या पानावर पहारा दिला आणि दिसेल ते टिपलं. एकाही माशाने त्याला तोंड लावलं नाही.

"चहा गार झाला," जयश्री, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली.

"इथे इतिहास घडतोय!"

"घडू दे. कप धुवायचाय."

फोटोसह मजकूर साप्ताहिकाच्या संपादकाला, नितीनला, पाठवला. शीर्षक माझंच: 'झेब्रा मासे अंडी खातात हा निव्वळ अपप्रचार'.

अंक आला त्या सकाळी धाकटी डहाणू गावची आमची नेहमीची कोळीण, जयवंती, बोंबील घेऊन दारात आली. जयश्रीने तिला आधी अंक आणि मग टाकी दाखवली. जयवंती हसत खालीच बसली.

"भाऊ, ही गोगलगायीची अंडी! झाडाबरोबर आली असंल."

"पुरावा?"

"आठ दिस थांबा. पुरावा शिंगं काढून चालाया लागंल."

"मग माशांची कुठे गेली?"

"ती तळाला सांडतात. त्या दिवशी खाली काय टिपत होते का?"

मी ताठ मानेने वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'सहा पन्नास. सातही मासे तळाशी काहीतरी टिपत आहेत. कुटुंब आनंदी.'

डोळ्यांदेखत हत्याकांड झालं होतं आणि घटनास्थळावरून मी सर्वत्र शांतता असल्याचं कळवलं होतं.

आठव्या दिवशी पुरावा चालू लागला. पंधराव्या दिवशी काचेवरच्या गोगलगायी मोजायचं मी सोडलं. पानांची चाळण झाली.

"सर, संदीप अंक घेऊन आलाय," नितीनचा फोन आला. "शीर्षकातला अपप्रचार म्हणजे मीच का, विचारतोय. खुलासा छापावा लागेल."

"मी कोर्टात जाईन!"

"कुणाच्या विरुद्ध, सर? माशांच्या?"

रात्रभर तळमळून दीडशे शब्दांचा बाणेदार खुलासा लिहिला. नितीनने तो कापून दोन ओळी केल्या: 'सदर अंडी गोगलगायीची होती. माशांची अंडी माशांनी खाल्ली.'

जयश्रीने तो कापून फ्रिजवर चिकटवला. चौतीस वर्षांत माझ्या लिखाणाचं तिने जपून ठेवलेलं हे पहिलंच कात्रण.