ठेंगूची बस

"गाडी म्हणजे गाडी! तिला चाकं असोत नाहीतर बटणं, मी चालवणारच!" असं ड्रायव्हरबाईंनी छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा त्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि प्लास्टर टीपॉयवर.

पाय कसा मोडला, हे त्या कुणाला सांगत नसत. वीस वर्षं भर गर्दीतून बस हाकली, आरशाला कधी ओरखडा नाही. आणि पडल्या कुठे, तर स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याला अडखळून!

दिवसभर खिडकीत बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायच्या. "अरे, इंडिकेटर काय शोभेला लावलाय?" शेजारी वैतागले, तेव्हा दातांच्या दवाखान्यात कामाला असलेल्या लेकीने आपला हातातला व्हिडिओ गेम आईच्या मांडीवर ठेवला. चपटा डबा, त्याला पेनासारखी काडी.

"हा टोपीवाला ठेंगू दिसतोय ना? त्याला त्या दारापर्यंत न्यायचं. वाटेत नदी लागेल, भिंत लागेल. काडीने जे काढशील ते खरं होतं. शिडी काढ, चढेल. होडी काढ, बसेल. डोकं चालवायचं, आई!"

"आणि ठेंगूला कसं चालवायचं?"

"डबा कलवला की चालतो, फुंकर मारली की थांबतो, मागे टिचकी मारली की उडी मारतो. बाकी तोच विचारेल तुला," म्हणून लेक कामाला पळाली.

डब्याने खरंच विचारलं: 'नवशिके की सराईत?'

"मला विचारतोय मेला!" म्हणत बाईंनी काडी 'सराईत'वर अशी दाबली, की डबा कण्हला.

पहिली नदी आली. दुसरं कुणी पूल काढला असता. बाईंनी बस काढली. ठेंगू बसमध्ये बसला, बाईंनी डबा उजवीकडे कलवला, बस डावीकडे गेली आणि बुडाली! डावीकडे कलवला तर उजवीकडे जाऊन झाडावर आपटली. फुंकर मारली तर थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली!

"यापेक्षा तुटक्या स्टिअरिंगची बस बरी!" बाई कडाडल्या.

बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत बसले होते. डोळ्याला भिंग तसंच ठेवून ते म्हणाले, "जमत नसेल तर ठेव."

बस्स! एवढं एक वाक्य पुरलं. "जमत नसेल तर"? त्या दिवसापासून बाईंनी डबा खाली ठेवला नाही. जेवताना डावीकडे कलल्या, आमटी उजवीकडे सांडली. प्रत्येक अडथळ्याला त्या बसच काढत. भिंत? बस. डोंगर? बस. राक्षस? राक्षसाला बसमध्ये बसवून पुढच्या थांब्यावर उतरवला! हळूहळू उलट्या हातानेच का होईना, गाडी पुढे सरकू लागली. शेवटचा तेवढा कडा राहिला.

आणि नेमके त्याच दुपारी डेपोचे मोठे साहेब पाय बघायला आले.

साहेबांचं येणं साधं नव्हतं. बाईंच्या मार्गावर सध्या चष्मिष नावाने ओळखला जाणारा एक नवा ड्रायव्हर होता. बाई लवकर उभ्या राहणार नसतील, तर मार्ग कायमचा त्याला आणि बाई कायमच्या चौकशीच्या खिडकीत, असं डेपोत घाटत होतं. खिडकीत! ज्या बाईला दारात उभा राहणारा प्रवासी खपत नसे, तिने दिवसभर 'ती गाडी गेली का हो?' ऐकायचं!

यजमानांनी चहा-बिस्किटं टीपॉयवर, प्लास्टरच्या शेजारी ठेवली. पण ठेंगूची बस ऐन कड्यावर होती आणि डबा मधेच ठेवला तर सगळं पहिल्यापासून!

"या साहेब, बसा," बाई डोळे न उचलता म्हणाल्या.

"पाय कसा आहे?"

"डावीकडे! डावीकडे!"

"डावा? कागदावर तर उजवा लिहिलाय..."

"थांब रे मेल्या!"

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला.

"तुम्हाला नाही हो! तुम्ही प्या!" आणि बाईंनी घाईत उलटसुलट विसरून फुंकर घातली. बिस्किटाचा भुगा उडून साहेबांच्या भुवयांवर बसला.

"बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?" साहेबांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, "हे रोजचंच आहे."

एवढ्यात त्या फुंकरीने बस कड्याच्या टोकाकडे घसरली. ठेंगू खिडकीतून हात हलवू लागला. बाईंच्या अंगातली वीस वर्षं एकदम जागी झाली आणि त्यांनी ब्रेक दाबला!

ब्रेक कुठे होता? टीपॉयच्या कडेवर! प्लास्टरचा पाय असा हाणला, की टीपॉय उलटला, चहा साहेबांच्या पँटवर, बिस्किटं दिवाणाखाली, आणि प्लास्टर नदीच्या पात्रासारखं मधोमध दुभंगलं.

"आई गं!" बाई कळवळल्या. मग लगेच, "नाही, दुखत नाहीये! पण पार कड्यापर्यंत आणली होती हो बस!"

डबा साहेबांच्या मांडीवर जाऊन पडला होता. पँट पिळता पिळता साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "हे काय, 'पुन्हा पहिल्यापासून' असं लिहून आलंय. इथे काहीतरी काढायचं का?" त्यांनी काडी उचलली आणि खुर्ची काढली. ठेंगू खुर्चीत बसला तो उठेचना!

"तुमच्याच डेपोतला दिसतो," यजमान म्हणाले.

साहेबांनी डबा कलवला, फुंकला, बडवला. "अहो, हे सगळं उलटं चालतंय! यावर तुम्ही कड्यापर्यंत पोचलात?"

"बसने," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

तेवढ्यात लेक आली. खोलीचा अवतार पाहून तिने आधी आईचा पाय पाहिला, मग डबा. "आई! तू 'सराईत' दाबलंस? त्यात सगळं मुद्दाम उलटं असतं! खेळ पूर्ण झाल्यावर परत खेळणाऱ्यांसाठी आहे तो! 'नवशिके' दाबायचं होतंस!"

"वीस वर्षं गाडी चालवून मी स्वतःला नवशिकी म्हणू? हाडं सगळी मोडली तरी नाही!"

साहेब उठले. पँटवर चहाचा नकाशा उमटला होता. "प्लास्टर नवं घालावं लागेल, म्हणजे मुक्काम वाढला. तोवर चष्मिष चालवेल. पण मार्ग तुमचाच. पडद्यावरच्या बससाठी जी बाई असा ब्रेक मारते, तिला खिडकीत बसवून मला खिडकी फोडून घ्यायची नाही."

ते गेल्यावर बाईंनी दार लोटून घ्यायला सांगितलं, लेकीला तोंड फिरवायला सांगितलं आणि गुपचूप 'नवशिके' दाबलं. उजवीकडे कलवलं, ठेंगू उजवीकडे गेला. फुंकर मारली, थांबला. दार आलं, ठेंगूने टोपी काढून मुजरा केला. संपला खेळ!

"पोचला?" यजमानांनी भिंग काढून विचारलं.

"हॅ! याला काय चालवणं म्हणतात?" बाईंनी नाक मुरडलं, दुभंगल्या प्लास्टरचा पाय उशीवर नीट ठेवला आणि ठसक्यात पुन्हा 'सराईत' दाबलं.

बस पहिल्याच नदीत बुडाली.