स्वतःविरुद्ध तक्रार

धुक्यामुळे विमान रद्द झाल्याचं काउंटरवरच्या ताईने माइकवरून सांगितलं, तेव्हा तिचा आवाज जराही कापला नाही. खरं तर त्याच विमानात तिचीही जागा होती. ड्यूटी संपवून सुट्टीसाठी घरी जायचं होतं. धाकटा भाऊ संध्याकाळी जहाजावर चढणार होता, आणि एकदा चढला की वर्षभर दिसायचा नाही. पण ते सांगायला माइक नसतो.

सुट्टीची गर्दी. माणसं काउंटरवर तुटून पडली. सगळ्यांत पुढे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी, बाई.

"धुकं आम्हालाही दिसतं! विमान कधी सुटणार ते सांगा."

"परवा, सर. त्यापेक्षा बस बरी पडेल. स्टँड रस्त्यापलीकडेच आहे."

"विमानाच्या तिकिटावर बसचा सल्ला! वा! आणि आमच्या बॅगा?"

"उद्या घरपोच येतील, सर."

"माझा चष्मा आहे त्यात!"

"तोही येईल, सर."

आणि ती हसली. शिव्या खाऊनही असं मनापासून हसायला देव काही माणसांना वेगळंच काळीज देत असावा.

शेवटच्या प्रवाशाची समजूत घालून ताई स्वतः स्टँडकडे पळाली. गणवेशावर कोट, नाकापर्यंत मफलर. बसमध्ये एकच जागा उरली होती, आणि ती नेमकी हेडमास्तरांशेजारी! पण चष्म्याशिवाय त्यांना शेजारी फक्त एक मफलर दिसला.

"पोरी, मोबाइलवर टाइप करता येतं का गं?"

"येतं, काका," मफलर हळूच बोलला.

"मग विमान कंपनीला लिही. विषय, काउंटरवरील बाईंचे संतापजनक वर्तन." पुढे त्यांचं घोडं अडलं. "काय लिहावं बरं?"

"उर्मट बोलल्या का त्या?"

"छे! गोड बोलत होती, तेच तर डोक्यात गेलं!"

"मग 'प्रवासी संकटात असताना त्या वारंवार हसत होत्या' असं लिहू?"

"अगदी बरोबर! शब्द चांगले सापडतात गं तुला."

"अहो," खिडकीकडून बाई म्हणाल्या, "धुकं काय तिने सोडलं होतं?"

"तू मध्ये बोलू नकोस. पोरी, पाठव."

ताईने सगळं एकदा वाचून पाहिलं, एक राहिलेली मात्रा दिली आणि तक्रार पाठवून दिली.

दुपारी एका चढावर बस खोकली, थरथरली आणि थांबली. ड्रायव्हर बॉनेटखालून काळा झालेला चेहरा घेऊन वर आला. "इंजिनचा पट्टा तुटलाय. पुढच्या गावाहून दुसरा मागवलाय."

"आधी विमान, आता हे! चल, खाली उतर तू!" चार-सहा जण बाह्या सरसावून उठले. ड्रायव्हर बिचारा दाराला चिकटला.

ताईला राहवलं नाही. ती उभी राहिली, मफलर घसरला, आणि सवयीने शब्द बाहेर पडले. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. दुसरा पट्टा निघालेला आहे. वयस्कर मंडळींनी सावलीत बसावं. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी शेजारच्याला विचारावं."

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. हेडमास्तर मात्र ताठ झाले.

"हा आवाज..."

"हो, सर. मीच."

"मग ती तक्रार?"

"पोचली असेल, सर."

"अगं, पण लिहिलीस कशाला?"

"तुमच्याकडे चष्मा नव्हता ना."

बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग तिला जवळ बसवून म्हणाल्या, "तू कुठे निघालीस गं?"

ताईने भावाचं सांगितलं. "उतरायच्या स्टँडवरून बंदर लांब आहे. आता नाही होणार भेट." दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज कापला.

पट्टा आला, बस निघाली. हेडमास्तर मधल्या वाटेत उभे राहिले.

"बस आधी बंदरावर जाईल. कोणाची हरकत?"

"मला उशीर होतोय हो," मागून कोणीतरी म्हणालं.

"उभा राहून बोल!"

कोणीच उभं राहिलं नाही.

"पण साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता बदलला तर माझी तक्रार होईल."

"करणार कोण? मी? मला दिसत नाही."

जहाजाची शिडी काढायच्या बेतात असताना ताई धावत पोचली. भाऊ अर्ध्या वाटेवरून खाली आला. बहिणीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून पाहतो तो मागे अख्खी बस उतरलेली.

"ताई, एवढी माणसं कोण?"

"माझ्या विमानातली."

"विमानातली?" भावाने बसकडे पाहिलं. पण विचारायला वेळ नव्हता. बाईंनी खाऊचा डबा त्याच्या हातात कोंबला आणि तो पळत वर गेला.

"ताई, बोल ना काहीतरी!" कठड्यावरून तो ओरडला.

सकाळपासून शेकडो माणसांची समजूत घालणाऱ्या ताईच्या तोंडून एक शब्द फुटेना. तेव्हा बाईच ओरडल्या, "वेळेवर जेवत जा रे!"

"पोचलास की फोन कर!" हेडमास्तर.

"थंडी सांभाळ!" ड्रायव्हर.

"आणि ताईला पत्रं लिही!" सगळ्यांत मोठा आवाज उशीर होत असलेल्याचा होता.

जहाज हललं. कठड्यावर वाकलेला भाऊ एका हाताने डोळे पुसत, आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसांना एकेक करून "हो, हो" म्हणत होता.