परुळेकर काकांची चिमणी

परुळेकर काका कुठल्याही वस्तूवर आधी टिचकी मारतात आणि मग ती नापास करतात. जेसल पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा सामान अजून जिन्यातच होतं. शेजारचं दार उघडून हे बाहेर आले, आमच्या नव्याकोऱ्या चौकटीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "रिजेक्ट." नाव त्यांनी नंतर सांगितलं.

पंपांच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेल्या मालातली खोट काढण्यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवालीचा दुधी रिजेक्ट, सोसायटीचा वॉचमन रिजेक्ट, गणपतीतल्या आरतीची चाल रिजेक्ट. मी करंज्या दिल्या तर ताटली चाटूनपुसून परत आली आणि सोबत निरोप आला, "सारण रिजेक्ट." टायफॉइडमधून मी उठले तेव्हा भेटायला आले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "मटेरियल उतरलंय."

लेकीने, वैशालीने, पसंत केलेला मुलगाही त्यांनी रिजेक्ट केला होता. तिने तरी लग्न केलं. ती मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहते, रिक्षात बसलं की पोचलं इतक्या जवळ. येते ती दिवाळीला, आणि बसते ती पर्स मांडीवर घेऊन.

परुळेकर काकू या सगळ्या संसारात 'हो' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांवर निभावून न्यायच्या. निदान मला तसं वाटायचं.

फोडणीच्या धुराने काकूंचा खोकला हटेना, तेव्हा वैशालीने परस्पर माणूस पाठवून त्यांच्या ओट्यावर चिमणी बसवून दिली. काकांना विचारलं नाही. चिमणी काही महिने गुण्यागोविंदाने चालली आणि मग ओरडायला लागली. काकू कढई चढवायच्या आणि भिंतीपलीकडे माझ्या मांडणीवरचे पेले थरथरायचे. खालचे शाहभाई वर येऊन विचारून गेले, "काका, घर में चक्की डाली क्या?"

वैशाली फोनवर म्हणाली, "बाबा, मेकॅनिक पाठवते."

"माझ्या घरात मेकॅनिक?" काका असे काही ओरडले की फोनची गरजच नव्हती.

मग त्यांनी स्वतःच हत्यारं काढली. जाळ्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या. पंख्याच्या पात्यांवरचं चिकट तेल जुन्या टूथब्रशने खरवडलं. दिसेल तो स्क्रू आवळला. चिमणी पुन्हा लावली, बटण दाबलं, तर ती आंघोळ करून ताजीतवानी झाल्यासारखी दुप्पट जोराने ओरडली.

"मटेरियलच खराब," काका म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढले.

असं बरेच दिवस चाललं. एकदा मी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर काका स्वयंपाकघरात स्टुलावर, कोपरापर्यंत हात काळे झालेले. मी म्हटलं, "काका, कशाला एवढा त्रास? नवी घ्या ना."

"नवीही रिजेक्टच निघेल." मग स्क्रूड्रायव्हर पुसत, त्यांच्या मानाने बऱ्याच खालच्या आवाजात म्हणाले, "ही पूर्वी स्वयंपाक करताना एकटीच बडबडायची. भाजीशी बोलायची, दुधावर रागवायची. मी हॉलमध्ये पेपर धरून बसायचो नि ऐकायचो. हे यंत्र आलं नि सगळं बंद झालं."

ओट्यावर चिमणीचे अवयव पसरलेले, त्यामुळे काकू स्वयंपाकाला माझ्याकडे यायला लागल्या. आणि माझ्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या की त्यांना वाचा फुटायची! शाहभाई, सोसायटीचे सेक्रेटरी, वैशालीची सासू, सगळ्यांच्या हुबेहूब नकला. पण सगळ्यात फर्मास नक्कल काकांची. लाटण्याने माझ्या पिठाच्या डब्यावर टकटक करायच्या, कान लावायच्या, भुवया कपाळात चढवायच्या आणि खर्जात म्हणायच्या, "रिजेक्ट!" हसून हसून मी खाली बसायची.

एका दुपारी आमटी ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "ती चिमणी नीट नाही झाली तर बरं गं."

"का हो?"

"ते हॉलमधून बोलत असतात. मीठ कमी पडलं असणार, फोडणी करपली, तुझ्या हाताला चवच नाही. पूर्वी शब्दन् शब्द ऐकू यायचा. चिमणी ओरडायला लागली तशी मी सुटले."

दुधाचे भाव वाढले हे सांगावं तशा त्या सांगत होत्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडून एक स्क्रू काढला आणि माझ्या चमच्यांच्या खणात टाकला. "मोटरचा आहे. सकाळपासून शोधतायत."

मला राहवलं नाही. काका स्टुलावरून काय बोलले ते मी त्यांना सांगून टाकलं. काकूंचा हात थांबला.

"ऐकत होते?"

"तसं म्हणाले."

"मग म्हणायचं होतं तसं." त्यांनी गॅस बारीक केला. "एकदा म्हणाले, किती वटवट करतेस, डोकं उठलं. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. चिमणी नंतर आली गं. किती तरी नंतर."

स्क्रू दडवून काही उपयोग झाला नाही. काकांनी बाजारातून दुसरा आणला. आणि शेवटी खरी खोट सापडली. बसवणाऱ्याने मागचा पाईप दोनदा मुरगळून खिडकीच्या अरुंद भोकातून बाहेर काढला होता, त्या पिळात तेलाचा थर साचत गेला आणि हवा कोंडायला लागली होती. काकांनी भोक मोठं केलं, पाईप साफ करून सरळ केला, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

बटण दाबलं. चिमणी नुसती गुणगुणली. काकांनी तिच्यावर टिचकी मारली, पण निकाल जाहीर केला नाही. हॉलमधली खुर्ची ओढत आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि बसले.

"आता बोल."

काकू तांदूळ धूत होत्या. "काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस तसं."

काकूंनी पाणी ओतून टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. एवढ्या शांततेत ते पाणीसुद्धा मोठ्याने पडत होतं.

"पोळ्या करू की नुसता भात चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

"बरं."

काकूंनी मिक्सरचं भांडं बसवलं, खोबरं घातलं आणि बटण फिरवलं.

मी निघाले तर काका दारापर्यंत आले आणि मागे दार ओढून घेतलं.

"तुझ्याकडे येते तेव्हा हसता तुम्ही दोघी," ते म्हणाले. "भिंतीतून येतं ऐकायला. शब्द कळत नाहीत. काय बोलते गं ती?"

खरं काय सांगणार? "मालिकांचं," मी म्हटलं. काकूंनी जन्मात मालिका बघितली नव्हती.

"कुठल्या?" काकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "नाव सांग. किती वाजता लागते?"