टूकडचे आणि इंगकडचे

साहेब शाळा तपासायला येणार हे कळलं, त्या दिवसापासून ईश्वरदास मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. गोरेगावच्या बाजूच्या एका खेड्यात, लहान शाळेत ते इंग्रजी शिकवत, तेही हंगामी. साहेबांना त्यांचं शिकवणं पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसायचं. मास्तर वाघाला भीत, सापाला भीत, पण सासऱ्यांपुढे ते दोघेही त्यांना गरीब वाटत.

त्यात हे साहेब क्रियापदांवरूनच पकडतात अशी बातमी होती. इंग्रजीत काही क्रियापदांच्या मागून 'टू' येतो, काहींच्या मागून 'इंग'. 'वॉन्ट' आला की टू, 'एन्जॉय' आला की इंग. "गुरुजी, असा काऊन?" वर्गातला केवळराम रोज कारण विचारी. ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्याला रोज उभं करून ठेवत.

"जेवून काऊन नाही राहिले?" रात्री बायकोनं, रुख्मिणीनं विचारलं.

"पोट्टे टू आन् इंग कालवून टाकतात. साहेब मले घरी बसवते आता."

"एवढ्यासाठी भेता? लगनात कसा करतात? नवरीकडले एका अंगाले, नवरदेवाकडले दुसऱ्या. मंग कोनाले पुसा लागते का, तू कोनाकडला म्हनून?"

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी वर्ग तसाच बसवला. प्रत्येक पोराला एकेक क्रियापद वाटून दिलं. टूवाली लहान पोरं खिडकीकडे, इंगवाली मोठी भिंतीकडे. साहेबांनी क्रियापद उच्चारलं की ज्याचं त्यानं उठायचं, आपण कुठं बसलोय ते बघायचं आणि उत्तर द्यायचं. चूक होईना. "साहेबांसमोर उत्तराशिवाय तोंडातून आवाज काढू नका. मी हातानं खुणावीन तसंच करा," एवढं बजावून मास्तर थोडे निर्धास्त झाले.

साहेब आले, पण चैत्रातलं ऊन घेऊन आले. त्यांना पोरांची दया आली. "ही लहान मुलं खिडकीच्या उन्हात कशाला? त्यांना भिंतीकडे बसवा आणि मोठी इकडे येऊ द्या."

मास्तरांनी 'नको' म्हणायची छाती कुठून आणायची? पोरं मुकाट्यानं इकडची तिकडे झाली.

"एन्जॉय?" साहेबांनी विचारलं.

केवळराम उठला. शेजारी खिडकी होती. "टू."

"वॉन्ट?"

बकारामनं भिंतीला हात लावून खात्री केली. "इंग."

साहेब पाणी प्यायला वळले. मास्तरांनी घाईघाईनं हात एकमेकांवरून फिरवून जागा बदलायची खूण केली. अख्खा वर्ग उठला आणि बदलला. साहेबांनी पाहिलं तर लहान पोरं पुन्हा उन्हात. त्यांची भुवई वर गेली, तसे मास्तरांनी घाबरून पुन्हा हात फिरवले. वर्ग पुन्हा बदलला. आता मास्तरांचे हात आपोआपच थरथरू लागले होते, आणि वर्ग बिचारा प्रत्येक थरथरीला या बाजूचा त्या बाजूला जात होता. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही, की कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

"बस," साहेब म्हणाले. मास्तरांना समोर सासऱ्यांचा तराजू दिसायला लागला. "इंग्रजी शून्य आहे. पण अशी शिस्त मी जिल्ह्यात पाहिली नाही. यांना कवायत कोण शिकवतं?"

"मी," भीतीनं मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"मग तुम्हाला कवायतीसाठी कायम करतो. इंग्रजीला दुसरा माणूस देऊ. पुढच्या महिन्यात येईन कवायत बघायला."

साहेब गेल्यावर मास्तरांनी बकारामचा कान धरला. "तुझा वॉन्ट टूकडचा होता ना?"

"होता जी. पन साहेबानंच उठवून तिकडे बसवला, त मी तिकडलाच झालो ना?"

संध्याकाळी रुख्मिणीनं खीर केली. पण मास्तर नुसतेच ताटाकडे बघत बसले.

"नोकरी त कायम झाली. आता काऊन नाही जेवून राहिले?"

"साहेब कवायत पाहाले येऊन राहिला," मास्तर म्हणाले, "आन् मले कवायत येत नाही."

रुख्मिणीचा चेहरा उजळला. "त्यात का भ्याचं? लगनात वाजंत्रीवाले कसे चालतात..."

मास्तरांनी ताट बाजूला सारलं.