रामटेक्यांची पद्धतशीर माघार

आमच्या मजल्यावरचे रामटेके दाराबाहेर पडले की आधी आकाशाकडे बघतात, मग माणसांकडे. आखातातल्या या उम्म अल हस्समच्या आमच्या गल्लीत वर बघण्यासारखं काही नाही. गच्चीवरचे एसीचे डबे, डिशच्या थाळ्या आणि धुळीनं पांढरं पडलेलं आभाळ. पण रामटेके कपाळावर हात धरून सावकाश नजर फिरवतात आणि मग म्हणतात, "जय भीम ताई. आज क्लिअर आहे."

"बरं," असं म्हणून मी गाडीकडे पळते. पळते, कारण थांबलं की संपलं.

रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. पन्नाशीचे, उंचीनं बेताचे. मोठ्या इमारतींचे एसी सांभाळणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. मुलीच्या कॉलेजसाठी बायको आणि मुलगी नागपूरला राहतात. त्यामुळे यांच्याकडे संध्याकाळी वेळच वेळ, आणि तो सगळा वेळ ते युद्धाला देतात. कुठलंही युद्ध चालतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कोणाकडे कुठलं रडार आहे, कोणतं क्षेपणास्त्र किती उंचीवर फुटतं, हे सगळं त्यांना पाठ झालंय. तुम्ही सैन्यात होता का, असं मी एकदा विचारलं होतं.

"भरतीले गेलो होतो ना. उंचीत काढून टाकलं."

आमच्या लिफ्टला त्यांनी बातम्यांचं केंद्र करून टाकलं होतं. सकाळी आत शिरले की दबक्या आवाजात सांगायचे, "ताई, मागं सरकले."

"कोण?" पहिल्या दिवशी हे विचारायची चूक मी केली. त्या दूरच्या युद्धात कुठल्याशा गावातून एक तुकडी मागे आली होती. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत त्यांनी मला ती माघार समजावली. तळाला पोचल्यावर लिफ्टचं दार पायानं अडवून नदीवरच्या पुलाचं काय झालं तेही सांगितलं. मी ऑफिसात उशिरा पोचले आणि कारण काय द्यावं ते मला सुचेना.

"पळून जानं येगळं, माघार येगळी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "पळनाऱ्याजवळ नुसते पाय असते. माघारवाल्याजवळ नकाशा असते. पद्धतशीर माघार लय कठीन काम आहे, ताई."

हे तत्त्वज्ञान ते घरातही वापरायचे. भाजी करपली की गॅस बंद करून हॉटेलातून मागवायची, ही पद्धतशीर माघार. शुक्रवारी रिफाच्या मॉलमध्ये गर्दी बघून भरलेली ट्रॉली तिथेच सोडून परत यायचं, हीसुद्धा पद्धतशीर माघार. त्या ट्रॉलीत आमचं दूध होतं.

सनद भागात एका ओळखीच्यांकडे मुलाचा वाढदिवस होता. रामटेक्यांनी जेवणाच्या टेबलावर हवाई संरक्षण मांडलं. पापड म्हणजे रडार. तळलेल्या मिरच्या म्हणजे क्षेपणास्त्रं. बटाटेवडा हे शत्रूचं विमान. "एका थरानं भागत नाही. लांबचा थर, मधला थर, जवळचा थर. थर पाहिजे, थर!" असं म्हणत त्यांनी तीन मिरच्या वापरून एक वडा पाडला आणि खाल्ला. मुलं खूश झाली. त्यांनी उरलेले सगळे वडे पाडले. मोठ्यांना पाव-चटणी मिळाली.

मग यंदा युद्ध खरंच जवळ आलं. आखाताचं आभाळ तापलं, ऑफिसात लोक हळू आवाजात तिकिटांबद्दल बोलू लागले. आता तरी हा माणूस गप्प बसेल असं मला वाटलं. त्यांनी उलट इमारतीचा ताबा घेतला. प्रत्येक दारावर नकाशा चिकटवला. कोणत्या मजल्यानं कोणत्या जिन्यानं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरायचं, लिफ्ट का वापरायची नाही, सोबत काय घ्यायचं. सुट्टीच्या सकाळी केरळी, इजिप्शियन, फिलिपिनो, सगळ्यांना "यल्ला यल्ला" करत जिन्यावरून पळवलं. माझ्या दारावरचा नकाशा मी काढला, तर चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही निघाला.

त्याच संध्याकाळी ते दारात उभे. "ताई, आईंचं कसं करू? त्यांना जिना नाही जमायचा."

माझी आई तेव्हा माझ्याकडे होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून घरातल्या घरात चालायची. आम्ही दोघीच. मी दिवसभराची दमलेली होते.

"माझ्या आईचं मी बघेन," मी म्हणाले. "तुमच्या युद्धात तिला नका घेऊ."

"बरं बरं," म्हणून ते गेले. मागून आई म्हणाली, "किती तोडून बोललीस गं." मी दार लावून घेतलं.

सायरन वाजला तो भर दुपारी. मी ऑफिसात होते. सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले. आम्हाला खिडक्यांपासून दूर, मधल्या पॅसेजमध्ये बसवलं. लांबून एक धप्प आवाज आला, मग आणखी एक. मी आईला फोन लावत होते. रिंग जात होती, ती उचलत नव्हती. आठ वेळा, दहा वेळा. आईचं मी बघेन, असं म्हणणारी मी तिथे जमिनीवर बसून होते.

धोका टळल्याचा संदेश आला तशी मी निघाले. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. तळघरात सगळी इमारत उभी होती, अगदी नकाशाप्रमाणे. आई त्यांच्यात असणं शक्यच नव्हतं, पण रामटेकेही नव्हते. त्यांची गाडीही जागेवर नव्हती.

"रामटेके सर किधर?" मी वॉचमनला विचारलं.

"सर मफी," तो म्हणाला, म्हणजे सर नाहीत. "नीचे आया ही नहीं."

माझं डोकं फिरलं. सगळ्या इमारतीला जिन्यावरून पळवणारा हा माणूस वेळ आल्यावर स्वतः सगळ्यांच्या आधी पसार झाला. घेतली पद्धतशीर माघार. मनात येईल ते बोलत मी चार जिने चढले.

आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई हॉलमध्ये नव्हती, खोलीत नव्हती. न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "अगं, इकडे आहोत."

घरात बिनखिडकीची तेवढी एकच जागा. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, डोक्यावर आमची कणीक मळायची परात. शेजारी फरशीवर भिंतीला टेकून रामटेके. गाडी गॅरेजला होती म्हणून ते त्या दिवशी घरीच होते, हे मला नंतर कळलं.

"फोन का उचलत नव्हतीस?" मी आईवर ओरडले.

"स्वयंपाकघरात राहिला, खिडकीपाशी. हे जाऊ देईनात."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं चिंब. आईनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

"पहिला आवाज झाला ना, तेव्हापासून असेच आहेत," आई म्हणाली. "मी म्हटलं, अहो, तुम्ही जा खाली. माझं काय, मी म्हातारी. तर जाईनात. मग मीच त्यांना भंडाऱ्याचं विचारत बसले."

मी फरशीवर त्यांच्यासमोर बसले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले होते. "का नाही गेलात?" एवढंच विचारलं.



"खाली माझी वाट पाहनारं कोनी नव्हतं ना, ताई," ते म्हणाले. "वरती आई होत्या."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मुलगी होती. त्यांनी फोन काढला, पण बोट पडद्यावर ठरेना. दोनदा घसरलं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, उचलला आणि त्यांच्या कानाला लावून धरला.

"हो बेटा," रामटेके म्हणाले. आवाज एकदम नेहमीचा, लिफ्टमधला. "कायचं सायरन? मी झोपून होतो. नाही गं, इथं काहीच नाही. हो, जेवलो ना."

दुसरा हात आईच्या हातात तसाच होता.